केसांसाठी मागितलेलं ताक

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं दूध घातलं की मी त्यात बोट बुडवून बघायची. कोणी विनाकारण गोड बोललं की माझ्या कपाळाला आठी पडायची. आई म्हणायची, "या पोरीला देवानं दोन डोळे दिले, पण ही बघते चारांनी." लग्न होऊन सोलापुरात आले आणि नवराही तसाच निघाला, तेव्हा माहेरची माणसं म्हणाली, जोडा झकास जमला. फरक एवढाच होता की मी माणसांवर संशय घ्यायची आणि हे वस्तूंवर घ्यायचे.

हे हायस्कुलात सायन्स शिकवत. एकोणीसशे तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. मागच्या अंगाला एक बैठी भिंत होती आणि भिंतीपलीकडे एका तेलुगू विणकराचं घर. त्यांचे दोन माग घरातच चालत. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की पाठोपाठ त्यांची खटखट सुरू व्हायची. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. यांना तो वास सोसायचा नाही. खिडकी लावून घेत आणि म्हणत, "हे सगळं नाकातून पोटात जातं, बरं का."

पोट हा यांचा वर्षानुवर्षांचा विषय होता. यांना अर्धशिशी होती. डोकं उठलं की दिवसभर कपाळाला पट्टी बांधून बसायचे. अशात वाचनालयातल्या एका मासिकात यांना एक लेख सापडला. त्यात लिहिलं होतं की माणसाचं आतडं म्हणजे कधीच न उपसलेली मोरी. तिथं असंख्य जंतू वस्ती करून राहतात, अन्न कुजवतात आणि त्या कुजण्यातून विष तयार होतं. ते रक्तात मिसळतं. यकृत बिचारं ते गाळत बसतं, आणि गाळून गाळून दमलं की मग डोकेदुखी, मरगळ, पित्त, अकाली पिकणारे केस, सगळं मागोमाग येतं. यांनी तो लेख रात्र-रात्र जागून उतरवून काढला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मराठी शाळेत चार यत्ता झालेल्या होत्या माझ्या, तेव्हा मीही तो वाचला. तळाशी कंसात बारीक अक्षरात 'अपूर्ण' असं होतं. तेवढं बरं यांनी प्रामाणिकपणे उतरवलं होतं.

मी विचारलं, "पुढचा भाग कुठंय?"

"तो अंक कोणीतरी घरी नेलाय, परत आणून दिला नाही."

"मग पुढं काय असेल?"

"काय असणार? याचंच पाल्हाळ."

मला ते काही पटलं नाही. अर्धी गोष्ट सांगून उठणाऱ्या माणसावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. पण नवऱ्याला कोण विचारणार, आणि तोही सायन्स शिकवणारा.

एरंडेल त्या काळी घरोघर असे. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी पोरांची नाकं दाबून ते पाजत. आमच्याकडे ते दर रविवारी सुरू झालं, मग रविवारी आणि बुधवारी. आल्याच्या चहात दोन चमचे. हे स्वतः घ्यायचे, मला द्यायचे आणि चिमुरडीलाही द्यायचे.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळेत प्रयोगशाळेचं छप्पर उतरवायचं होतं म्हणून हेडमास्तरांनी सूक्ष्मदर्शक यांच्या ताब्यात दिला. जुन्या धोतरात गुंडाळून, टांग्यात मांडीवर घेऊन यांनी तो घरी आणला. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. माशीचा पंख झाला, कांद्याचा पापुद्रा झाला, माझा केस झाला. नवव्या दिवशी यांनी दह्याच्या मडक्यात काडी बुडवली आणि मला हाक मारली.

"अगं, इकडं ये. हे बघ तू रोज काय खाऊ घालतेस ते."

मी एक डोळा तळहातानं झाकला आणि वाकले. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग यांनी खालचा आरसा फिरवला आणि एकदम उजेड झाला. त्या उजेडात बारीक काड्या पसरल्या होत्या, काडेपेटी सांडावी तशा. काही सुट्या, काही एकीला एक जोडलेल्या. आणि त्या जागच्या जागी थरथरत होत्या. मला शिसारी आली. जन्मल्यापासून दहीभातावर वाढलेली मी. बाळंतपणातसुद्धा ताकाशिवाय माझं पान उठलं नव्हतं.

"जिवंत आहेत?" मी विचारलं.

"नाहीतर काय! हे सगळं आपण आपल्या हातानं आतड्यात सोडतो. आधीच तिथं काय थोडे आहेत?"

त्या दिवशी दह्याचं मडकं मी माझ्या हातानं फोडलं. कोणी मला जबरदस्ती केली नाही, हे लिहून ठेवायला हवं. डोळ्यांनी बघितलं होतं ना मी! तुकड्यांवर चुलीतली गरम राख टाकली आणि हात दोनदा धुतले. तेव्हापासून दही, ताक, आंबील, आंबवलेलं काही म्हणून घरात येईना. दूध दोनदा उकळायचं आणि गरम असतानाच पिऊन टाकायचं. बुधवार-रविवारी एरंडेल होतंच.

पंधरा दिवसांत मुलीचं पोट बिघडलं. आधी बुधवार-रविवार, मग रोज, मग खाल्लं की लगेच. हे म्हणाले, "विष पडतंय. पडू दे." तिसऱ्या आठवड्यात तिच्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या की कोपराला जाऊन टेकायला लागल्या. सोलापूरचा वैशाख, नळाला पाणी तासभर, आणि ही पोर भिंतीला टेकून नुसती बसून राहायची. खेळायची नाही, रडायचीसुद्धा नाही. ती रडेना तेव्हा मी घाबरले. एक मूल माझं आधी गेलं होतं, सव्वा महिन्याचं. ही राहील की नाही, हा एकच विचार दिवसभर डोक्यात फिरायचा.

मी यांना म्हटलं, "आता बास करा ते तेल."

"अगं, आता बंद केलं तर आत राहिलेलं सगळं रक्तात जाईल."

"तुम्हाला साफ होत नव्हतं तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात, की विष साठलंय म्हणून."

"मग बरोबरच आहे."

म्हणजे झालं नाही तर विष आत साठलंय आणि झालं तर विष बाहेर पडतंय. कसाही फासा पडला तरी घर एरंडेलाचंच. जे उत्तर कधीच चुकत नाही त्याच्यात काहीतरी लबाडी असते असं मला वाटतं. तो संशय एकदा मनात शिरला तो शिरलाच. कपाट उघडलं की तळाचं 'अपूर्ण' मला दिसायचं आणि मी मनात म्हणायची, अहो, पुढचं कोण सांगणार?

पुढचं मला भिंतीपलीकडे दिसलं. विणकराच्या बायकोची धाकटी मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची होती. रोज सकाळी ती उंबऱ्यावर बसायची आणि तिची आई तिच्यापुढे जर्मनच्या वाडग्यात रात्रीचा भात ठेवायची. रात्रभर पाण्यात भिजलेला, वर ताक, मीठ आणि फोडलेला कांदा. म्हणजे आमच्या घरच्या नियमानं बघितलं तर आतडी सडवायला जे जे लागतं ते सगळं एका वाडग्यात. पोर ते ओरपायची आणि दिवसभर मागांखालून धावत सुटायची. दंडाला वाकी रुतायची तिच्या. मी आठवडाभर पाहत होते. यांनी काचेतून बघितलं ते खरं असेल, पण मी भिंतीवरून बघत होते तेही खोटं नव्हतं.

ताक द्यायचं ठरवलं. पण आणायचं कुठून? दोन खोल्यांचं घर, हे सुट्टीत दिवसभर घरात, आणि वासाला यांचं नाक तिखट. विरजण लावायला कोपरा नव्हता. राहिली शेजारीण. तिथं दुसरीच अडचण. दुसऱ्या जातीच्या घरचं दूध एकवेळ चालायचं. पण ताकात पाणी आलं आणि पाणी आलं की जात आली. मास्तरीणबाई विणकराच्या मडक्यातलं ताक लेकीला पाजते, ही बातमी माझ्या सासरी माढ्याला पोचायला दोन दिवस पुरले असते. आणि शेजारणीच्या तोंडाचा मला भरवसा नव्हता. बाई मनानं चांगली, पण नळावर उभी राहिली की सगळ्या गल्लीची खबर सांगणारी.

म्हणून मी खोटं बोलले. भिंतीवरून तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "मावशी, थोडं ताक द्याल का? केस धुवायचेत. कोंडा फार झालाय."

"घ्या की अक्का, त्यात काय!" ती म्हणाली आणि तांब्या काठोकाठ भरून दिला.

तो तांब्या घेऊन मी मागच्या न्हाणीत गेले, मुलीलाही अंघोळीला म्हणून नेलं आणि दार लावलं. पहिल्या दिवशी दोन चमचे दिले. त्या थरथरणाऱ्या काड्या डोळ्यांपुढे होत्या. मी माझ्या हातानं लेकीला विष देतेय की काय, असा संशय त्या वेळी माझा माझ्यावरच होता. दुपारपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी दिली. बुधवारचं एरंडेल मी मोरीत ओतलं आणि वाटीच्या काठाला तेवढं बोट फिरवून ठेवलं, वास यायला. आल्याचा चहा इतका तिखट केला की पोरीनं आपोआप तोंड वेडंवाकडं केलं. हे समाधानानं म्हणाले, "शाब्बास!"

केस आठवड्यातून एकदा धुतात. मी रोज तांब्या पुढे करायला लागले. शेजारीण एक दिवस हसून म्हणाली, "अक्का, तुमचे केस लई ताक पितात की!" मीही हसले, पण मनात म्हटलं, हिला कळलं की काय? मग दोन दिवस मी गेलेच नाही, आणि त्या दोन दिवसांत मुलीचं पुन्हा थोडं बिघडलं, तेव्हा परत गेले. घरात यांना एकदा तिच्या तोंडाला आंबट वास आला. मी आमटीतल्या चिंचेवर ढकललं. खोटं बोलायची एकदा सवय लागली की ते फार सोपं जातं, हे मला त्या महिन्यात कळलं.

हळूहळू पोर सावरली. आधी ढाळ थांबले. मग भूक लागायला लागली. एका सकाळी तिनं माझ्या पाठीवर उडी मारली तेव्हा मी चुलीपुढेच रडले. हे मला म्हणाले, "आता का रडतेस? बघ, विष संपलं. मी सांगत होतो की नाही?" आणि मग हे गल्लीत सांगत सुटले. कट्ट्यावर बसलेल्या चार माणसांना आतडं, जंतू, यकृत, एरंडेल असं सगळं समजावून दिलं. "माझ्या स्वतःच्या मुलीवर प्रयोग केलाय," असं म्हणायचे आणि तिला पुढे उभी करायचे. मी पडद्याआडून ऐकायची. राग यायचा आणि हसूही यायचं. म्हटलं, घ्या श्रेय, माझी पोर वाचली ना, बाकी मला काय करायचंय.

ते चुकलं. आंबे उतारावर आले तशी गल्लीत पोटाची साथ आली आणि शेजारणीच्या त्या गुटगुटीत मुलीला ढाळ लागले. दुसऱ्या दिवशी ती बाई आमच्या पुढच्या दारात येऊन पायरीखाली उभी राहिली.

"मास्तर, तुमची पोर ज्यानं बरी झाली ते औषद माज्या पोरीला द्या की."

हे किती खूष झाले! आतून बाटली आणली. सकाळ-संध्याकाळ एरंडेल, गरम पाण्यातून. भात बंद. आणि बोट उगारून म्हणाले, "दही-ताक अजिबात नाही. एक थेंब नाही. मी डोळ्यांनी बघितलंय त्यात काय असतं ते."

मी दारात तांदूळ निवडत होते. खाली मान घालून खडे काढत राहिले. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय काय बाहेर पडलं असतं? नवरा गल्लीसमोर खोटा पडला असता. माढ्याला कळलं असतं. आणि ती बाई नळावर उभी राहून सगळ्यांना सांगत बसली असती. मी मनाची समजूत घातली, की पोर दणकट आहे, दोन चमच्यांनी काय होतंय. बाई बाटली पदराखाली घेऊन गेली.

दोन दिवस मी भिंतीवरून बघत होते. पहिल्या दिवशी ती मुलगी स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जात होती. दुसऱ्या दिवशी तिला उचलून न्यावं लागत होतं. वाडगा पालथा पडला होता. तरी मी भिंतीवरून हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीणच भिंतीशी आली. डोळे सुजलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, खरं सांगा. माज्या घरचं ताक नेऊन तुमी काय करत व्हता?"

"अहो, केसांना…"

"ताकानं धुतलेल्या केसाला दिसभर वास येतो. तुमच्या केसाला एक दिस आला न्हाई. मी बघत व्हते की." मग तिचा आवाज चढला. "रोज माज्या मडक्यातलं नेलं. तुमची पोर भरत गेली अन् माजी वाळत गेली. माज्या पोरीचं बळ तुमी नेलं. काय करनी केली ते तुमाला ठावं. मी आज ते मडकं तिठ्यावर नेऊन फोडनार हाय."

माझ्यावर करणीचा आळ! पण दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की आळ पुन्हा कधी धुता येईल, मडकं एकदा फुटलं की त्या घरात ताक म्हणून कोणी शिवणार नाही. मग त्या पोरीच्या पोटात फक्त एरंडेलच जाणार.

तोवर ती बाई मडकं कमरेवर घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडली होती. मी मुलीला काखेला मारलं आणि धावले. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. गल्लीत लुगड्यांच्या सुताच्या लांबच लांब धाग्यांचा ताणा पसरला होता. दहा-बारा बाप्ये-बाया त्याला खळ लावत होत्या. मी ताण्याखालून वाकून गेले. तिठ्यावर तिनं मडकं डोक्याच्या वर उचललं होतं. मी तिचे दोन्ही हात धरले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला शिवले.

"मावशी, फोडू नका. मी पोरीला पाजत होते. केसांना नाही लावलं. माझी मुलगी एरंडेलानं नाही बरी झाली, तुमच्या ताकानं झाली."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझी शरम वाटली. ती म्हणाली, "तवा केसाचं खरं व्हतं, आता ह्ये खरं. तुमचं कुटलं खरं धरू?"

खोटं बोलून ठेवलेल्या माणसाचं खरं कोण विकत घेतंय! मी मडकं तिच्या हातातून घेतलं, खाली ठेवलं, ओंजळ बुडवली आणि सगळ्यांदेखत ताक प्यायले. ताण्यावरचे हात थांबले होते. कोणीतरी तेलुगूत काही बोललं. मग मी मुलीपुढे ओंजळ धरली. तिनं गटागटा प्यायलं, ओठ पुसले आणि मोठ्यांदा विचारलं, "आई, आज न्हाणीत का नाही प्यायचं? बाबांना दिसेल ना!"

शेजारणीनं तिच्याकडे बघितलं, मग मडक्याकडे, मग परत तिच्याकडे. मी जे दहा वाक्यांत पटवू शकले नसते ते पोरीनं एका वाक्यात पटवलं. बाईनं मडकं उचललं आणि घराकडे पळत सुटली.

मी मागं वळले तर आमच्या दारात हे उभे होते. सगळं ऐकलं होतं. मी घरात गेले आणि आता काय होतं त्याची वाट बघत चुलीशी बसले. यांनी आवाज चढवला नाही. समोर येऊन बसले आणि विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

खोटं बोलायची यांना सवय नव्हती. "नाही," म्हणाले.

त्या दिवशी यांनी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हातून वाचनालयात गेले आणि तिथल्या माणसाशी भांडून तो दुसरा अंक कोणाकडे आहे ते काढून घेतलं, त्याच्या घरी जाऊन तिथंच उभ्यानं वाचला. परत आले ते घामानं निथळत. लेखाचा पुढचा भाग असा होता, की आतड्यातले सगळेच जंतू शत्रू नव्हेत. विष करणारे असतात तसे त्यांना दाबून धरणारे आणि ते विष मोडून टाकणारेही असतात, आणि आंबवलेल्या दुधातले त्यांच्या मदतीला जातात असं काही विद्वानांचं मत आहे. जुलाबानं घर धुतलं की चोराबरोबर राखणदारही वाहून जातो. एरंडेल रोज घेऊ नये असंही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. हे सगळं यांनी मला कोरड्या आवाजात सांगितलं आणि कपाटाच्या दारावरचा कागद नखानं खरवडून काढला. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझे कान भिंतीपलीकडे होते.

ती मुलगी वाचली. ताकानं वाचली, तेल थांबलं म्हणून वाचली, की तिच्या नशिबानं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आता शिकलेली मुलं सांगतात की पोटातल्या जंतूंना फार कामं असतात आणि विषाचा निचरा हेही त्यातलं एक. असेल. माझा संशयी स्वभाव म्हणतो, याचाही पुढचा भाग अजून कुठल्या तरी अंकात असणार. पण तेव्हा आठ दिवस ती पोर चमच्या-चमच्यानं परत आली. पंधराव्या दिवशी मला मागांच्या खटखटीत तिच्या धावण्याचा आवाज ऐकू आला.

मग मी विरजण मागायला गेले. या वेळी भिंतीवरून नाही. पुढच्या दारानं, डोक्यावर पदर घेऊन, हातात वाटी घेऊन गेले. माढ्याला काय कळायचं ते कळलं होतं, आणि सासूबाईंनी वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, पण ते पुढचं. त्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. शेजारणीनं बसायला घोंगडी टाकली. वाटी घेतली, आत गेली आणि दह्याची घट्ट कवडी आणून माझ्या हातात दिली. मला वाटलं, मिटलं सगळं. मी उठायला लागले.

"बसा अक्का," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "करनीचं बोलले ते चुकलं माजं. पर एक सांगा. मास्तरांना ठावं नव्हतं, त्यांनी तेल दिलं. मला ठावं नव्हतं, मी पाजलं. दोन दिस पाजलं. पोर माज्या हातात मान टाकत व्हती अन् तुमी भिताडावरनं बघत व्हता. तुमाला तर ठावं व्हतं की."

तिची मुलगी येऊन तिच्या मांडीवर बसली होती. तिच्या दंडातली वाकी अजून सैल होती. मी वाटी खाली ठेवली.

"व्हय मावशी," मी म्हणाले, "मला ठाऊक होतं."